मारायला आलेले राखणदार झाले
(२८ नोव्हेंबर : महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यतिथीनिमित्त)



रविवारची मिस्सा आटोपली की आपल्यापैकी पुष्कळजण पिशव्या घेऊन तडक मंडई गाठतात. मेथीची जुडी, पावशेर हिरव्या मिरच्या, थोडी घासाघीस, नेहमीच्या भाजीवालीशी सुखदुःखाच्या चार गोष्टी. आता तर मंडईच्या खालून मेट्रोही धावू लागली आहे. पण मधोमध उंच मनोरा आणि त्याच्या सभोवती आठ बाजू पसरलेली ती दगडी इमारत १८८६ सालापासून तशीच उभी आहे. त्यापूर्वी पुण्याची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नव्या इमारतीला त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले आणि लोक तिला रे मार्केट म्हणू लागले. योगायोग असा, की आपल्या पुणे धर्मप्रांताची स्थापनाही त्याच १८८६ सालची.

आज रे मार्केट कुठे, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. महात्मा फुले मंडई मात्र लहान मूलही दाखवील. यातली गंमत ठाऊक आहे का? ही इमारत बांधण्याचा विषय नगरपालिकेत आला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये जोतीराव फुले पुढे होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते हरले. इमारत झाली, गव्हर्नरसाहेबांचे नाव लागले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना ते नाव जाऊन विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळाले आणि पुणेकरांनी ते मनापासून स्वीकारले.

गव्हर्नरापाशी सत्ता होती, सैन्य होते, तिजोरी होती. जोतीरावांपाशी यांतले काही नव्हते. तरी लोक त्यांच्याशी एकनिष्ठ राहिले, ते वारल्यावरही राहिले. माणसे एखाद्या पुढाऱ्याला, एखाद्या कार्याला आयुष्य वाहतात ती कशामुळे? दरवर्षी ख्रिस्तराजाच्या सणानंतर थोड्याच दिवसांत जोतीरावांची पुण्यतिथी येते. सिंहासन, मुकुट, फौज यांपैकी काहीही नसलेल्या राजाचा सण साजरा करणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न परका वाटू नये.

आईविना पोर

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. मूळचे आडनाव गोऱ्हे. हे घराणे पेशव्यांना फुले पुरवीत असे, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडिलांचे नाव गोविंदराव, आईचे चिमणाबाई. जोती जेमतेम वर्षाचा असेल तेव्हा आई वारली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बाईने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. परक्याच्या लेकरावर माया कशी करावी, हे त्यांनी तिथे पाहिले आणि या पोरक्या मुलाला ते सारे दिले.

जोती शाळेत जाऊ लागला, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, असे कोणीतरी गोविंदरावांच्या मनात भरवले आणि मुलगा शाळेतून मळ्यात गेला. दिवसा खुरपे आणि रात्री दिव्याशी पुस्तक, असे त्याचे चालू राहिले. शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे फारसीचे शिक्षक राहत. त्यांनी आणि लिजिट नावाच्या ख्रिस्ती साहेबांनी ही हुशारी हेरली आणि वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाला. ही शाळा आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेची नव्हे, प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची होती. एका हिंदू माळ्याच्या मुलासाठी एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी धडपडले, ही गोष्ट विसरता येत नाही. ज्याच्यासाठी कोणीतरी उभे राहिलेले असते, त्याला पुढे दुसऱ्यासाठी उभे राहणे सोपे जाते.

घर सुटले

१८४८ साली जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाला गेले होते. वरातीत बरोबरीने चालतात म्हणून त्यांचा तेथे अपमान झाला. जोतीराव घरी आले ते पेटून. वडिलांनी जगाची रीत समजावून सांगितली, पण मुलाला ती पटली नाही. अपमानाचा सूड घ्यायचा तर भांडून घेता आला असता. जोतीरावांनी वेगळी वाट धरली. आपला एकदा अपमान झाला, ज्यांचा रोज होतो त्यांचे काय, असा विचार त्यांनी केला. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. वाडा देणारे तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते. सखाराम परांजपे, सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे सोबतीही ब्राह्मणच. जोतीरावांची लढाई अन्यायाशी होती, म्हणून दुसऱ्या जातीचे मित्रही त्यांच्याजवळ टिकले.

शाळेत शिकवायला बाई हवी. जोतीरावांनी पत्नी सावित्रीबाईंना स्वतः शिकवून तयार केले होते. त्या शाळेत निघाल्या की रस्त्यावरून अंगावर शेण-चिखल येई. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात आणि शाळेत गेल्यावर बदलून शिकवायला उभ्या राहत. लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले. शेवटी १८४९ मध्ये वडिलांनी सांगितले, की शाळा सोड नाहीतर घर सोड. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी घर सोडले. गंज पेठेत उस्मान शेख नावाच्या मित्राने त्यांना आसरा दिला. त्याच घरातील फातिमाबाई सावित्रीबाईंना शाळेच्या कामात साथ देत.

पहिला त्याग पुढाऱ्याने स्वतः केला, तो असा. इतरांना काही सोडा असे सांगण्याआधी जोतीरावांचे घर सुटलेले होते, सावित्रीबाईंचे लुगडे मळलेले होते. पालक आपली मुलगी या शाळेत का पाठवू लागले, याचे उत्तर येथेच मिळते. व्यायामशाळा चालवणारे लहुजी वस्ताद साळवे पाठीशी उभे राहिले आणि आपल्या मांग समाजातील मुले त्यांनी शाळेत आणली. याच शाळांत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकात छापून आला. ज्यांना बोलायची बंदी होती त्यांची लेक लिहू लागली. आईबापांना याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

ती रात्र

जोतीरावांच्या सर्व चरित्रांत एक प्रसंग आढळतो. साल १८५६. जोतीरावांचा काटा काढायचा असे काही विरोधकांनी ठरवले आणि दोन माणसे पैशाने ठरवली. एक रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. हत्यारे घेऊन दोघे मध्यरात्री घरात शिरले. पावलांच्या आवाजाने जोतीराव जागे झाले. ते पळाले नाहीत, ओरडलेही नाहीत. कोण, कशासाठी आलात, एवढे त्यांनी विचारले. मारायला आलो, मारल्यावर हजार हजार रुपये मिळायचे आहेत, असे दोघांनी सांगून टाकले. माझ्या मरणाने तुम्हा गरिबांचे भले होत असेल तर मारा, तुमच्यासाठीच तर माझे आयुष्य आहे, अशा अर्थाचे काही जोतीराव बोलले आणि मान पुढे केली.

हत्यारे खाली पडली. ज्यांनी पाठवले त्यांच्यावरच आता उलटतो, असे ते दोघे म्हणू लागले. जोतीरावांनी तेही करू दिले नाही. पुढे रोडे त्यांचा राखणदार झाला. धोंडीराम रात्रीच्या शाळेत शिकला आणि सत्यशोधक समाजाचा एक विद्वान कार्यकर्ता म्हणून ओळखला जाऊ लागला.

बंधुभगिनींनो, या प्रसंगाकडे नीट पाहा. पैसे देणाऱ्यांनी दोघांना विकत घेतले ते एका रात्रीपुरते. जोतीरावांनी एक कवडीही दिली नाही आणि ते दोघे जन्मभर त्यांचे झाले. पैसे देणाऱ्यांच्या लेखी ते दोघे म्हणजे नुसती हत्यारे होती. त्यांच्या घरात चूल पेटते की नाही, हे त्यांनी कधी विचारले नसेल. जोतीरावांनी मरणाच्या दारात उभे असतानाही त्यांना माणसे म्हणून पाहिले. शुभवर्तमानात प्रभू येशू चांगला मेंढपाळ आणि मजुरीचा गडी यांत फरक करतो. लांडगा दिसला की मजुरीचा गडी पळून जातो, कारण मेंढरे त्याची नसतात. येथे तर नवल झाले. मजुरीवर लांडगे बनून आलेले दोघे त्याच मेंढवाड्याचे राखणदार झाले.

हौद सर्वांना खुला

पुण्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना सार्वजनिक हौदाला हात लावायची बंदी. घागर घेऊन तासन्‌तास उभे राहायचे आणि कोणी दया करून वरून ओतले तर न्यायचे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. नुसते भाषण केले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. हौद खुला केल्यामुळे जातवाले दुरावले. पण ज्याच्या घागरीत त्या दिवशी पाणी पडले, त्याच्यासाठी ते सर्वांत मोठे भाषण होते.

फसवल्या गेलेल्या विधवांचे हाल तर बोलायला नको. अब्रूच्या भीतीने जीव देणे किंवा लेकराचा जीव घेणे एवढेच त्यांच्यापुढे उरे. फुले दांपत्याने स्वतःच्या घरात अशा स्त्रियांसाठी बाळंतपणाची सोय केली. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. दुसऱ्याने टाकलेले लेकरू त्यांनी आपला वारस केले.

प्रभू येशूविषयी जोतीरावांना आदर होता. गुलामगिरी या १८७३ सालच्या ग्रंथात त्यांनी दीनदुबळ्यांच्या कैवारी बळीराजाशी प्रभूची तुलना केली आहे. त्यांचे मित्र बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. जोतीराव मात्र झाले नाहीत. देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणीही मध्यस्थ नको, असे त्यांचे मत होते. कॅथलिक म्हणून त्यांच्या सर्वच मतांशी आपण सहमत होणार नाही आणि तसे ओढूनताणून दाखवूही नये. पण तहानलेल्याला पाणी देणारा प्रभूलाच पाणी देतो, हे शिकवणारे शुभवर्तमान आपल्याच हातात आहे. त्या परीक्षेत हा माळ्याचा मुलगा आपल्यापैकी कित्येकांच्या पुढे उभा राहील.

सत्याचा शोध

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्या सभेला साठेक माणसे होती. नाव फुले समाज असे ठेवले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकांनी आपल्यामागे यावे असे जोतीरावांनी म्हटले नाही, सत्याच्या मागे चला असे म्हटले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. भटजी नाही, हुंडा नाही, थोडक्या खर्चात. कर्ज काढून लग्ने करणाऱ्या गरिबांना याचे मोल लगेच कळले.

जोतीराव काही भणंग नव्हते. ते ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवणे, येरवड्याच्या पुलाचे काम अशी कामे त्यांनी केली, मांजरीला शेतीही केली. त्यातून मिळालेला पैसा समाजाच्या कामी लावला. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई आणि ते गावोगाव फिरले, अन्नछत्रे उघडली, उपाशी मुलांसाठी धनकवडीला आश्रम चालवला.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी खर्चाचा ठराव आला, तेव्हा ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला, असे चरित्रकार सांगतात. सरकारच्या नाराजीची त्यांनी पर्वा केली नाही. ठेकेदाराला सरकारशी वैर परवडत नाही, हे व्यवहारी माणसाला सांगायला नकोच.

विरोधकाला जामीन

मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते तो उभारला गेला. टिळक आणि फुले यांची मते म्हणजे दोन टोके. तरी १८८२ सालची गोष्ट ऐका. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीचा खटला टिळक आणि आगरकर यांच्यावर झाला. जामिनासाठी दहा हजार रुपयांची गरज पडली. तेव्हा जोतीरावांनी आपले सत्यशोधक मित्र रामशेट उरवणे यांना पुढे केले आणि त्यांनी जामीन दिला. दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ते सुटले तेव्हा मुंबईत त्यांचे स्वागत करण्यात जोतीरावांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे पुढे होते.

आपल्याच गटातल्याला मदत सगळेच करतात. समोरच्या गटातला संकटात असताना त्याच्यासाठी आपल्या माणसाला दहा हजारांची जोखीम घ्यायला सांगणे अवघड. आणि त्या माणसाने ती घेणे त्याहून अवघड. पुढारी न्यायाने वागतो अशी खात्री असल्याशिवाय असे घडत नाही.

मतभेद झाले, तरी साथ सुटली नाही

एकनिष्ठा म्हणजे होयबा होणे, असा पुष्कळांचा समज असतो. लोखंड्यांची गोष्ट तो समज खोटा ठरवते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे वृत्तपत्र लोखंडे पुढे मुंबईतून चालवू लागले. १८८३ च्या सुमारास जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहिले. दीनबंधूत पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली गेली. भाषा फार जहाल, असे वाटले असावे. जोतीराव संतापले. आपलीच माणसे भेकड निघाली, असा राग त्यांनी लिहूनही ठेवला. राग आला की लेखणी आवरायची नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

लोखंडे दुखावले असतील. पण त्यांनी वेगळी चूल मांडून गुरूवर चिखलफेक केली नाही आणि काम सोडले नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना तेव्हा ठरलेली साप्ताहिक सुट्टी नसे. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम चाले. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी सुट्टी द्या, असे त्यांनी मांडले. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षांच्या चिकाटीचे हे फळ. प्रभूचा दिवस म्हणून आपण जो रविवार पाळतो, तो गिरणीत राबणाऱ्या गरिबाच्या पदरात पडावा म्हणून झगडणारा माणूस जोतीरावांच्या शाळेतला होता. पुढच्या रविवारी देवळात बसल्यावर त्याची आठवण अवश्य करा.

अखेरचे दिवस

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा झाली आणि रावबहादूर वंडेकरांच्या पुढाकाराने लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. सरकारने नव्हे, लोकांनी. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले या स्नेह्याने त्यांच्यावर उपचार केले. उजवा हात चालेना, तेव्हा जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले आणि सार्वजनिक सत्यधर्म हा शेवटचा ग्रंथ त्यांनी तसा पुरा केला. तो त्यांच्या मागे, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. सगळे कार्यात गेलेले. मित्रांनी धडपड केली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मदत केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. आपल्याला घराच्या आवारात पुरावे अशी त्यांची इच्छा होती, पण नगरपालिकेने परवानगी दिली नाही. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद घातला, की दत्तक मुलाने टिटवे धरायचे नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे धरले आणि नवऱ्याच्या पुढे चालू लागल्या. बाईने असे करणे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अस्थी गंज पेठेतील घराच्या अंगणात आणल्या गेल्या. ती जागा आजही फुलेवाड्यात आहे.

पुढारी गेला की अनुयायी पांगतात, असे आपण पाहतो. येथे काय झाले? १८९७ मध्ये प्लेगची साथ आली. लोखंडे रुग्णांची सेवा करताना आजारी पडले आणि ९ फेब्रुवारीला वारले. इकडे पुण्यात डॉक्टर झालेल्या यशवंतने हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले, आणि १० मार्चला त्यांनीही प्लेगने देह ठेवला. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. आज्ञा करायला कोणी नव्हते, पाठ थोपटायला कोणी नव्हते. जोतीरावांच्या मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानले. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्याशीही माणूस एकनिष्ठ राहू शकतो. हे आपल्याला वेगळे सांगायला नको, आपली सारी श्रद्धाच तशी आहे.

आपल्यासाठी

मग माणसे एकनिष्ठ कशाने होतात? पैशाने माणूस येतो, पण जास्त पैसा देणारा भेटला की जातो. भीतीने गप्प बसतो, भीती सरली की उलटतो. पदाच्या आशेने मागे फिरतो, पद दुसऱ्याला मिळाले की रुसून बसतो. मात्र माझ्या दुःखात हा स्वतःचे काही गमावून उभा राहिला, अशी ज्याची खात्री पटते तो सहसा सोडून जात नाही. आणि पुढारी स्वतःकडे बोट न दाखवता सत्याकडे दाखवत असेल, तर त्याच्या मागेही माणसे ते काम चालू ठेवतात.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये जेवणावळी झडतात, पाकिटे फिरतात. देवळातही हे वारे कधीकधी शिरते. खेळीमेळीने सुरू झालेली मंडळे अध्यक्षपदावरून फुटतात. अमुक फादर होते तोवर मी यायचो, आता येत नाही, असे सांगणारे भेटतात. त्यांची निष्ठा फादरवर होती की प्रभूवर, हे त्यांनी स्वतःला विचारावे. आणि मंडळांच्या प्रमुखांनी, आम्ही संस्थांत काम करणाऱ्यांनी विचारावे, की लोकांसाठी मी आजवर काय गमावले?

एक प्रश्न जरा बोचणारा आहे. आपल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे नगरकडच्या गावांतून आले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नव्हते. येशूसंघीय धर्मगुरू त्यांच्या वस्तीत आले, जमिनीवर बसले, मुलांना शिकवू लागले, म्हणून त्या माणसांनी प्रभूचा हात धरला आणि संकटातही सोडला नाही. त्यांची नातवंडे असलेले आपण आज सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतो का? देवळाच्या आवारात कामाला येणाऱ्या बाईला पाणी द्यायचा पेला वेगळा ठेवतो का? तसे असेल तर १८६८ साली गंज पेठेत खुला झालेला हौद आपल्या घरी अजून बंदच आहे.

आपल्या ख्रिस्तराजाने शिष्यांचे पाय धुतले. पेत्राने त्याला तीनदा नाकारले, तरी त्याने पेत्राला टाकले नाही. वधस्तंभावर असताना शेजारच्या गुन्हेगाराचीही त्याने विचारपूस केली. म्हणून दोन हजार वर्षे माणसे त्याच्यासाठी जगत आणि मरत आली आहेत.

येत्या २८ तारखेला सवड काढून मुलाबाळांसह फुलेवाड्यात जाऊन या. मंडईतून चालत जाता येते. आणि घरी रोझरीच्या वेळी ही छोटी प्रार्थना करा :

हे प्रभो, आम्हाला विकत घेता येणार नाही असे मन दे. ज्यांच्यावर जबाबदारी सोपवली आहे त्यांना आधी स्वतः झीज सोसायची बुद्धी दे. मतभेद झाले तरी काम न सोडण्याचे बळ दे. आणि आमच्या दाराशी तहानलेला आला, तर आमचा हौद त्याला खुला असू दे. आमेन.